टिळकांच्या घराचे उघडे दार

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रथम भेटतात ते क्रमिक पुस्तकात. घायाळ होऊनही पिलांच्या ओढीने घरट्याकडे धडपडत जाणाऱ्या पक्षिणीवरील त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली आहे. पुढे वाचन थोडे वाढले की दुसरे टिळक भेटतात आणि ते वादाच्या रूपाने भेटतात. कोकणातील चित्पावन घराण्यात जन्मलेल्या, संस्कृत विद्येत मुरलेल्या, कीर्तन-पुराणाची गोडी असलेल्या या माणसाने १८९५ साली ख्रिस्ती धर्म का स्वीकारला, हा तो वाद. एक बाजू त्यांना स्वधर्मद्रोही ठरवते, तर दुसरी त्यांना विजयचिन्हासारखे मिरवते. या दोन्ही टिळकांच्या मागे तिसरे टिळक उभे आहेत आणि त्यांची ओळख फार थोड्यांना आहे. सण नाही, सभा नाही, वाद नाही, अशा आठवड्यातील एखाद्या साध्या दिवशी आपले काम करीत राहणारे ते मिशनरी टिळक होत.

धर्मप्रसारकाची किंमत करण्याची आपली मापे ठरून गेलेली आहेत. विरोधक विचारतात, याने किती लोक बाटवले? समर्थक विचारतात, याने किती आत्मे जिंकले? प्रश्न परस्परविरोधी दिसले तरी माप एकच, आणि ते नोंदवहीचे आहे. टिळकांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे हे माप किती तोकडे आहे याची खात्री पटते. त्यांचे खरे कार्य नोंदवहीत नव्हे, तर घरात झाले. त्या घराचे सुख लहान होते आणि त्याची किंमत मोठी होती. ती किंमत प्रामुख्याने त्यांच्या पत्नीने दिली. हे सारे लक्षात घेतल्याखेरीज टिळकांना बरे किंवा वाईट म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

वऱ्हाडातून गेलेला धागा

हा विचार वाशीमसारख्या ठिकाणी बसून करण्यात एक औचित्य आहे. आज ज्याला आपण वाशीम जिल्हा म्हणतो तो १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. परंतु इंग्रजी अमदानीतही बासिम या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता आणि १९०५ साली तो अकोल्यात विलीन करण्यात आला. त्या जुन्या बासिममध्ये, तसेच अकोला, यवतमाळ आणि एलिचपूर या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मिशनऱ्यांची ठाणी होती. ज्या भूमीत कारंजाला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी आहे, त्या भूमीत सातासमुद्रांपलीकडून आलेली ही माणसे मोडक्यातोडक्या मराठीत बोलत हिंडत होती. लोक त्यांच्याकडे कुतूहलाने पाहत, औषध हवे असेल तर त्यांच्या दाराशी जात आणि त्यांचे शास्त्र मात्र बहुधा दारातच ठेवून परतत.

याच वऱ्हाडात काम करणाऱ्या फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड हे गृहस्थ १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले होते. त्याच डब्यात, नोकरीच्या शोधात निघालेला एक मराठी शास्त्री होता. दोघांत काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले. उतरण्यापूर्वी वॉर्ड यांनी नव्या कराराची एक प्रत त्या शास्त्र्याच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. शास्त्रीबोवांना ते भाकीत हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. पुस्तक मात्र त्यांनी ठेवून घेतले. ते शास्त्री म्हणजेच नारायण वामन टिळक. वऱ्हाडातील मिशनऱ्यांच्या श्रमांचे सर्वांत दूरगामी फळ कोणते, असे विचारले तर ते एखाद्या ठाण्यावर नव्हे, तर धावत्या गाडीत पडलेल्या या बीजाचे होते, असे म्हणावे लागेल.

ठाव न सापडलेला तरुण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई काव्याची आवड असलेल्या, मायाळू. वडील वामनराव अत्यंत तापट. आई लवकर गेली आणि घरातील ऊब तिच्याबरोबर गेली. कोवळ्या वयातच नारायण नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे त्याला संस्कृत काव्याची दीक्षा मिळाली. इंग्रजी शिक्षण दोन वर्षांच्या पलीकडे गेले नाही. पुढील सर्व विद्या स्वतःच्या बळावर मिळवलेली होती. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका ही मुलगी त्यांना देण्यात आली. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. तीच पुढे मराठी साहित्यात अमर झालेली लक्ष्मीबाई टिळक.

यानंतरचा दीड दशकांचा काळ म्हणजे एक अखंड भटकंती आहे. टिळक कुठे शिक्षक झाले, कुठे छापखान्यात जुळारी झाले, कुठे पुराण सांगू लागले. एका गावी ठरले आहेत असे वाटावे तोच ते उठून दुसऱ्या गावी चालू लागत, आणि पुष्कळदा घरी सांगण्याचीही तसदी घेत नसत. १८९१च्या सुमारास नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना मिळाले. ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी काही काळ चालवले. हिंदुस्थानाला नवजीवन द्यावयाचे तर धर्माचीच पुनर्घटना झाली पाहिजे, जातिभेदाच्या पायावर उभा असलेला समाज कधीही एक होणार नाही, या विचाराने त्यांना पछाडले होते. नवा धर्म आपणच स्थापावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. अशा मनाच्या अवस्थेत ते वॉर्डसाहेबांचे पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत असे त्यांना वाटले. काही महिने ते नाव गुप्त ठेवून मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करीत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंदिरात रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा द्यावयास गोरा साहेब नको, आपल्या देशाचाच पाळक हवा, हा त्यांचा आग्रह होता. पुढील चोवीस वर्षांत टिळक मिशनशी कसे वागणार होते, याची चुणूक या एका आग्रहात दिसते.

दोन चुली

टिळकांच्या स्तुतिपाठकांनी एक गोष्ट नेहमी घाईने ओलांडली आहे. ज्या दिवशी मुंबईत टिळकांना शांती मिळाली, त्या दिवशी एका स्त्रीचा संसार मोडला. पदरी लहान मुलगा दत्तू, माहेर कडकडीत सोवळ्याचे, आणि नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा स्त्रीची अवस्था विधवेहूनही अवघड होती. विधवेला निदान दुःख करण्याची मुभा होती. बहिणीच्या व मेहुण्यांच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी चार-साडेचार वर्षे काढली, त्यांतील काही काळ पंढरपुरात. दुःखाला वाट फुटावी म्हणून त्या ओव्या-पदे रचू लागल्या. त्यांच्या कवित्वाचा आरंभ असा झाला. टिळकांनी सत्य शोधले हे मान्य केले तरी ते शोधताना सहधर्मचारिणीला विश्वासात घेतले नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप खोडून काढता येण्यासारखा नाही.

तथापि याच ठिकाणी त्यांच्या मिशनरी जीवनाचा पहिला खरा धडाही सुरू होतो. पतिपत्नींची पुन्हा गाठ पडली आणि लक्ष्मीबाई अहमदनगरकडे, आजच्या अहिल्यानगराकडे, राहावयास आल्या, तेव्हा त्या हिंदूच होत्या. टिळकांनी त्यांचे सोवळे अबाधित राहील अशी वेगळी व्यवस्था करून दिली. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जो माणूस गावोगाव नव्या धर्माचा प्रसार करीत होता, त्याने स्वतःच्या घरात मात्र सक्तीचा एक शब्द उच्चारला नाही. वाद झाले, रुसवेफुगवे झाले, तापट स्वभावाचे टिळक संतापले असतील तेही खरेच. पण चूल एक करण्याचा हुकूम निघाला नाही.

बदल आला तो हळूहळू आणि आतून आला. पाणी कोणी भरले, भाकरी कोणी थापली, यावरून माणूस उंच किंवा नीच कसा ठरावा, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना स्वतःला पडला. देवाने माणसे केली आणि जाती माणसांनी केल्या, असा त्यांच्या मनाने कौल दिला. आधी त्यांनी जात टाकली, धर्म त्यानंतर बदलला. १९००च्या सुमारास राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोथ्यांच्या आधारे चाललेल्या शंभर वादविवादांनी जे साधले नसते, ते एका स्वयंपाकघरातील दोन चुलींनी साधले. धर्मांतरावर आज तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांनी या दोन चुलींचा वृत्तान्त शांतपणे वाचावा. श्रद्धा बदलण्याचा हक्क आणि न बदलण्याचा हक्क हे दोन्ही एकाच छपराखाली नांदू शकतात, याचा तो दाखला आहे.

राहुरीचे दिवस

राहुरी हे मुळा नदीच्या काठचे गाव. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली मुळे रोवली. राहुरीस डॉक्टर बॅलंटाइन हे वैद्यकीय काम पाहत. टिळकांकडे शिकवणे, खेड्यांतून उपदेश करणे, कीर्तने, लेखन अशी कामे असत. नगरच्या धर्मशिक्षणशाळेतही त्यांनी शिकवले. कागदावर हे काम एका ओळीत मावते. प्रत्यक्षात तो काळ कसा होता हे आठवले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि पाहता पाहता दख्खनभर पसरला. १८९९-१९०० मध्ये तो भीषण दुष्काळ पडला. माणसे गावे सोडून निघाली. आईबापांना पारखी झालेली मुले रस्त्यावर आली. मिशनच्या आवारात अशा मुलांचे थवे जमू लागले.

टिळकांच्या घराने त्यांतील मुले आपली मानली. त्यांना न्हाऊ घालणे, खरूज धुणे, भांडणे मिटवणे, भाकरी पुरवून पुरवून वाढणे हे मिशनरी कार्य होते. पण त्यावर कोणी व्याख्यान देत नाही. ज्या लक्ष्मीबाईंच्या माहेरी बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात घेतली जाई, त्यांच्या मांडीवर आता महार-मांगांची लेकरे झोपू लागली. प्लेगच्या दिवसांत ज्यांना सोडून आप्तही दूर पळत, त्या रोग्यांची शुश्रूषा या दांपत्याने केली. धर्मतत्त्वांची चर्चा तेथे कोणाला सुचणार? पाण्याचा घोट कोण पाजतो, एवढाच प्रश्न असे.

संसाराची तऱ्हा मात्र काही सुधारली नाही. टिळकांचा हात सढळ होता. घरखर्चाचे पैसे बाजारात पोचण्याआधीच वाटेत भेटलेल्या एखाद्या गरजू माणसाच्या हाती जात. रिकाम्या हाताने परतताना मात्र सोबत एखादा जेवणारा पाहुणा असे. किराणा नाही आणि पान वाढावयाचे आहे, हे कोडे रोज सोडवणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या ते सोडवीत, रागावत, आणि मग हसत. त्यांचे हे हसणे हीच त्या घराची सर्वांत मोठी पुंजी होती. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांना माहीत आहे की, दारिद्र्याचे, विरहाचे, मृत्यूचे प्रसंग सांगतानाही त्यांच्या लेखणीला विनोद सुचतो आणि त्या विनोदाचा बळी बहुधा त्या स्वतःच किंवा त्यांचे विसरभोळे यजमान असतात.

लहान सुखे

अशा आयुष्यात सुख कोणते, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. ते सुख फार साध्या गोष्टींचे होते. टिळक फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. ही नुसती साहित्यिक पदवी नव्हती, ती त्यांच्या दिनचर्येची नोंद होती. मुलांमध्ये रमलेल्या टिळकांना वेळेचे भान नसे. मुलांसाठी केलेले गाणे मुलांच्या तोंडी ऐकण्यात त्यांना जो आनंद वाटे, तो विद्वानांच्या प्रशंसेने वाटत नसे. पतिपत्नी एकमेकांना पद्यातून टोमणे मारीत आणि पद्यातून उत्तरे देत. ज्या बायकोला तिच्या बालपणी कोणी पाटीला हात लावू दिला नव्हता, तिला अक्षरओळख टिळकांनी करून दिली होती. तीच आता कवितेत नवऱ्याला निरुत्तर करू लागली. शिक्षकाच्या पेशातील वाचकांना यापेक्षा मोठे सुख सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे सुख होते ते दार उघडे ठेवण्याचे. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा विलक्षण मुलगा सर्वांच्या नजरेत भरला आणि बालकवी या नावाने महाराष्ट्राला माहीत झाला. हळवा, एकलकोंडा, कुठेच न रमणारा हा तरुण पुढे नगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरी राहतो याची चर्चा झाली असणारच. परंतु बालकवी ज्या धर्माचे म्हणून त्या घरात आले, त्याच धर्माचे म्हणून ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघाताने गेले. त्यांच्या प्रतिभेला निवारा मिळावा एवढीच टिळकांची इच्छा होती. मिशनच्या वार्षिक अहवालात या पाहुणचाराला कोणता रकाना असणार? तरीही निसर्गकवितेचे एक लेणे मराठीला लाभले, त्यात या घरातील भाकरीचा वाटा आहे.

परक्या मंडपात आपले कीर्तन

टिळकांनी धर्म बदलला, पण देश बदलला नाही, भाषा बदलली नाही आणि गाणेही बदलले नाही. ही गोष्ट आज सोपी वाटते. त्या काळी ती तशी नव्हती. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाने पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हणावीत, साहेबी वळणाने राहावे, मिशनच्या पगारावर जगावे आणि मिशनच्या हुकुमात वागावे, अशी एक चाकोरी पडून गेली होती. कृष्णराव सांगळ्यांसारख्या पूर्वसूरींनी देशी चालींची व कीर्तनाची वाट दाखवली होती खरी, पण तिचा राजमार्ग केला तो टिळकांनी. त्यांनी उपासनेत अभंग आणले, ओवी आणली, भजन आणले, टाळ-मृदंग आणले. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत आणि ते उघडपणे सांगत. ‘अभंगांजली’तील त्यांची पदे आणि त्यांनी रचलेली शेकडो गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतग्रंथात आजही आहेत. रविवारी सकाळी विदर्भापासून कोकणापर्यंतच्या मंदिरांतून ती म्हटली जातात.

ही परंपरा मुळात फार जुनी आहे. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. तीनशे वर्षांनी टिळकांनी त्याच जिद्दीने ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले. दोघांत भेद इतकाच की स्टीफन्स यांना मराठी शिकावी लागली आणि टिळकांना ती आईच्या दुधातून मिळाली.

मिशनमधील गोऱ्या अधिकाऱ्यांशी टिळकांचे संबंध प्रेमाचे असले तरी ते मिंधेपणाचे नव्हते. डॉक्टर ह्यूम यांच्यासारख्या थोर मनाच्या मिशनऱ्याविषयी त्यांना आदर होता. परंतु परदेशातून येणाऱ्या पैशावर उभी असलेली मंडळी कधी स्वतःच्या पायावर उभी राहणार, हिंदी ख्रिस्ती माणूस आपल्या राष्ट्राचा घटक म्हणून कधी ताठ मानेने चालणार, हे प्रश्न ते सतत विचारीत राहिले. अमेरिकन मिशनने १८४२ साली सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते. त्या पत्रातून त्यांनी स्वधर्मीयांना देशभक्तीचा पाठ दिला. जुन्या समाजाने वाळीत टाकलेले आणि नव्या समाजालाही अधूनमधून टोचणारे असे त्यांचे स्थान होते. दोन्हीकडून संशय सोसणे हा अशा माणसांचा ठेवलेला मोबदला असतो.

दरबाराचे दार

आयुष्याच्या शेवटी टिळकांनी जे पाऊल उचलले, त्याचे महत्त्व अजून पुरते ओळखले गेलेले नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्नच्या पुढे, शिल्लक शून्य, प्रकृती ढासळू लागलेली. अशा वेळी त्यांनी संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करण्यास ते लागले. या दरबारात ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांना जागा होती. बाप्तिस्मा घेतलेल्यांना होती, तशीच न घेतलेल्यांनाही होती.

या एका गोष्टीवर थोडे थांबावयास हवे. ज्या विधीसाठी टिळकांनी समाज गमावला, जात गमावली, काही वर्षे बायको-मुलगाही गमावला, तोच विधी इतरांसाठी त्यांनी प्रवेशाची अट म्हणून ठेवला नाही. स्वतः चढलेल्या शिडीवरूनच दुसऱ्यांनीही चढले पाहिजे, असा हट्ट धर्मसंस्थापक, पक्षनेते आणि पंडित सारेच धरतात. टिळकांनी तो सोडला. हा पंथभेदाचा सिद्धान्त त्यांनी कुठल्या ग्रंथातून काढला नव्हता. दोन चुलींच्या घरात, दुष्काळी मुलांच्या पंगतीत, बालकवीसारख्या पाहुण्याच्या सहवासात तो त्यांच्या अंगी मुरला होता. घराचे दार उघडे ठेवता ठेवता धर्माचे दार उघडे ठेवावयास ते शिकले.

दरबार फार वाढला नाही, कारण आयुष्यच उरले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती पाळकाचे दहन व्हावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. जाताजाताही त्यांनी दोन्ही बाजूंना विचार करावयास लावले.

मागे उरलेली लेखणी

टिळकांच्या मागे पैसा उरला नाही, संस्था उरली नाही. उरल्या त्या लक्ष्मीबाई. ज्यांना लिहिता-वाचता येणे हीच एकेकाळी अपूर्वाई होती, त्यांनी अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि त्याचा बहुतांश भाग स्वतः रचला. त्या कीर्तने करीत हिंडल्या. मुलगा देवदत्त यांच्याबरोबर काही वर्षे, आज पाकिस्तानात असलेल्या, कराचीत राहिल्या. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्या आठवणी म्हणजेच १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून आले.

पुढचा इतिहास बोलका आहे. ‘स्मृतिचित्रां’चा इंग्रजी अनुवाद १९५० साली झाला, विजया मेहता यांनी १९८२ मध्ये त्यावर दूरदर्शनपट केला, शांता गोखले यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आले. मराठी गद्याचा आदर्श म्हणून महाविद्यालयांतून हे पुस्तक शिकवले जाते. ते वाचणाऱ्यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती नाहीत आणि वाचून ख्रिस्ती झालेलेही नाहीत. पण जातीचा अभिमान, नवरेशाहीचा ताठा, परधर्मीयांविषयीचा संशय यांपैकी काही ना काही त्या पुस्तकाने त्यांच्या मनातून उणे केले आहे. एका मिशनरी घराने महाराष्ट्राला दिलेली ही देणगी कोणत्या रकान्यात लिहावयाची?

शाळेत पटसंख्येवरून शिक्षकाची आणि कचेरीत निकाली कागदांवरून कारकुनाची पारख होते. त्यावाचून कारभार चालत नाही, हेही खरे. परंतु प्रत्येक शिक्षकाला मनोमन ठाऊक असते की, त्याचे खरे काम पटावर नोंदलेले नाही. मागच्या बाकावरील एखाद्या मुलाला त्याने कधी तरी धीर दिला, त्यात ते असते. धर्माचेही असेच आहे. टिळकांमुळे किती माणसे एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेली, हा हिशेब ज्यांना हवा त्यांनी खुशाल करावा. तो आकडा लहान निघाला म्हणून टिळक लहान होणार नाहीत आणि मोठा निघाला तरी त्यांच्या थोरवीत भर पडणार नाही. रोगाने आणि उपासमारीने माणसे एकमेकांना टाकून पळत होती, त्या काळात एका घराने कोणालाही न टाकण्याचे ठरवले आणि ते चोवीस वर्षे निभावले. आपल्या गावातील मशीद, मंदिर, विहार आणि ख्रिस्तमंदिर यांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यापूर्वी, आपापल्या घराचे दार किती उघडे आहे हे ज्याने त्याने पाहावे. टिळकांच्या चरित्राचा आजच्या महाराष्ट्राला एवढाच सांगावा आहे, आणि तो पाळावयास अजिबात सोपा नाही.